नऊ नंबरची बरणी

शुक्रवार, १३ एप्रिल १९७३. जयंतीचा आदला दिवस. घरात तेव्हा कोण कोण होतं ते आधी लिहिते, म्हणजे पुढे गोंधळ नको. बाबा, हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, दुपारपर्यंत शाळेत. आई, नदीच्या वाळूत झिऱ्यावर पाण्याला गेलेली. गयाआत्या, बाबांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच. सकाळपासून दुष्काळी कामावर खडी फोडायला. तिची मुलगी कमल, सोळा वर्षांची, आत्याबरोबर त्याच कामावर. मी, बारा वर्षांची, सकाळची शाळा करून घरी आलेली. आणि आतल्या खोलीत भिंतीला लावून नऊ काचेच्या बरण्या. त्यांनाही मी हजेरीत धरते, कारण झालं ते त्या बरण्यांमुळे झालं असं नात्यातले लोक अजून म्हणतात. ते बरोबर नाही. कुणामुळे झालं ते मला माहीत आहे.

आमचं गाव शहागडच्या जवळ, गोदावरीच्या काठाला. त्या वर्षी नदी नव्हती, नदीची जागा होती. बायका वाळूत खड्डे करायच्या, आधी गुडघाभर, मग कमरेइतके, आणि तळाशी पाझरलेलं पाणी वाटीनं हंड्यात भरायच्या. एका हंड्याला अर्धी सकाळ जायची. आमच्या बौद्ध वस्तीच्या शेवटच्या ओळीत दोन खोल्यांचं आमचं घर. दारातून वाळू दिसायची, मागच्या खिडकीतून हायवे. दिवसभर दोनच आवाज असत. एक, धान्याच्या ट्रकांचा. दुसरा, लांबून येणारा हातोड्यांचा, शेदोनशे माणसं एकदम खडी फोडत असल्याचा. गाई-म्हशींचा आवाज तोवर संपला होता. जेवायला मदतीत आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी. ती थापताना चिरायची आणि गार झाली की पायतणासारखी व्हायची. तिच्यावर लाल मिरचीचा ठेचा, कधी हुलग्याचं माडगं. शाळेत मदतीची सुकडी, भाजलेल्या गोड पिठाची, मिळे. ती मी अर्धी खाऊन अर्धी फडक्यात बांधून घरी आणायची, आत्यासाठी. आत्या ती घ्यायची आणि कमलला द्यायची, आणि कमल ती मला परत द्यायची. असे सुकडीचे फेरे रोज चालत.

याद्या करायची सवय मला त्याच दुष्काळात लागली. घरात मिळेल त्या भांड्यात पाणी साठवलेलं असे: दोन हंडे, एक रांजण, कळशी आणि शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सहा मोठ्या पांढऱ्या बाटल्या, काचेच्या बुचाच्या, बाबांनी राखेनं घासून आणलेल्या. कुठल्या भांड्यात काय, यावरून रोज भांडण व्हायचं. मी वहीचं पान फाडून, खळीनं चिकटवून, प्रत्येक भांड्यावर चिठ्ठी लावली. पिण्याचे. भांड्यांचे. हातपाय धुण्याचे, वापरून झाडाला. बाबांना एवढा आनंद झाला की शेजारच्या चार घरांतली माणसं त्यांनी चिठ्ठ्या बघायला बोलावली. वस्तीतल्या बैठकीत ते म्हणालेसुद्धा, "आमच्या घरात आता भांडीपण वाचता येतात. आमच्या घरात अंगठा लावणारं कोणी नाही."

आत्या समोरच बसली होती. नाकात तपकीर ओढून ती हसली, "न्हाई कसं? मी काय पाहुनी हाय का?"

सगळे हसले. बाबाही. बाबांना ज्या बहिणीनं दगड फोडून शिकवलं, तिला एकही अक्षर येत नव्हतं. बाबांनी दोनदा पाटी आणली होती. ती गयेचा "ग" काढायची आणि म्हणायची, "एवढं आलं, बास. बाकीचं कमल शिकल." पण घरातली कुठली वस्तू कुठे आहे हे तिला डोळे मिटून सांगता येई. मीठ कुठे, सुईदोरा कुठे, पिण्याचं पाणी कोनाड्यात डावीकडून कितवं. आम्ही चिठ्ठ्या वाचायचो. ती जागा वाचायची. हा फरक माझ्या लक्षात यायला हवा होता, कारण त्या घरात व्यवस्था बघणारी मी होते.

बरण्या आमच्या घरी आल्या त्या शाळेत जागा उरली नाही म्हणून. मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजनं जुन्या वस्तू काढताना एक लाकडी पेटी शाळेला पाठवली होती, आणि शाळेची प्रयोगशाळा तोवर मदतीच्या धान्यानं भरून गेली होती. बाबांनी पेटी बैलगाडीतून घरी आणली. गवत काढलं, आणि एकेक बरणी बाहेर येऊ लागली तशी आम्ही सगळेच मागे सरकलो. समुद्र आमच्यापैकी कोणी बघितला नव्हता. आणि हे प्राणी समुद्राच्याही तळाचे, जिथे उजेड पोचत नाही तिथले. एकाचे दात इतके लांब, की तोंड मिटलं तरी बाहेरच राहत. एकाचं नुसतं तोंडच, पसरलेल्या पोत्यासारखं, आणि मागे दोरीसारखी शेपूट. एक चांदीचा, पत्र्यासारखा चपटा. एक भलामोठा किडा, भिंतीच्या ओलीत सापडतो तसला, पण वीतभर. पिवळट पाण्यात ते सगळे बरणीच्या काचेला टेकून आमच्याकडे बघत होते.

बरण्यांवर इंग्रजी अक्षरं होती, पुष्कळशी ओलीनं गेलेली. बाबांनी पुस्तकं धुंडाळून जमेल तेवढं लावलं आणि मराठी नावं करायला बसले. दीपमत्स्य. परशुमीन. मी वहीत रकाने आखून लिहायला बसले. आत्या दारात भाकरीचं पीठ चाळत होती.

"किसन्या, ह्ये नाव हाय का शिवी?"

"मग तू ठेव की नाव, आक्का."

"ठेवते. भेते का काय?" आणि ती हात झटकून बरण्यांसमोर येऊन बसली.

पुढचे आठ-दहा दिवस कामावरून आल्यावर ती एकेका बरणीसमोर बसायची, तपकीर ओढायची आणि नाव सांगायची. मी ते तिसऱ्या रकान्यात लिहायची. लांब दातांचं ते दाताळं. पोत्याच्या तोंडाचं ते दुष्काळ्या. चपटं ते विळ्याचं पातं. मऊ, बिनहाडाचं, काकडीसारखं, गुलाबी होतं त्याला वाळूक. कपाळावर काडी आणि काडीच्या टोकाला दिवा असलेल्या मासळीला ती कंदीलवाली म्हणाली. बाबांनी सांगितलं, ही मादी आहे, आणि पोटाखाली मुळासारखं काय लोंबतं ते तिचा नवरा. तो एकदा येऊन चिकटला की आयुष्यभर तिच्या रक्तावर जगतो. त्याचे डोळे जातात, आतडी जातात.

"मंग शिकार कोन करतं?"

"तीच."

"दिवा कोन धरतं?"

"तीच."

"मंग त्याच्यात नवल काय हाय? आपल्याच गावची बाई हाय ती," आत्या म्हणाली, आणि आई चुलीपाशी इतकी हसली की तिची भाकरी करपली. त्या दुष्काळात आई हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

सात नंबरला काचेच्या धाग्यांची विणलेली एक परडी होती, आत दोन बारीक झिंगे. ते लहानपणी आत शिरतात, आतच मोठे होतात आणि मग परडीच्या भोकांतून त्यांना बाहेर पडता येत नाही. तिथेच जगतात, तिथेच मरतात. आत्या बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "लिही. सासर." कमलनं मान खाली घातली. तिच्यासाठी स्थळ बघणं चालू होतं.

नऊ नंबरला मात्र नाव मिळेना. बरणीवरचा कागद पूर्ण गेला होता आणि बाबांच्या पुस्तकांत तसलं काही नव्हतं. बोटभर लांबीचं, पांढरं, जवळजवळ आरपार. डोळे नव्हतेच, डोळ्यांच्या जागी कातडी. तोंड किंचित उघडं, काही विचारत असल्यासारखं. आत्या सगळ्यात जास्त तिथे बसायची. "ह्याला घाई न्हाई करायची," म्हणायची. वहीत आठ ओळी भरल्या, नववीचा रकाना मी मोकळा ठेवला.

आता त्या बाटलीचं. उन्हाळा चढला तशी बरण्यांतलं पाणी आटू लागलं. झाकणं जुनी होती. ते साधं पाणी नसतं, मेलेलं कुजू नये म्हणून घालतात ते फॉर्मलीन असतं. बाबांनी तालुक्याहून फॉर्मलीन मिळवलं, पण ते पाणी घालून पातळ करावं लागतं, आणि पाणी स्वच्छ हवं. एका संध्याकाळी बाबा झिऱ्याचं गाळलेलं पाणी मोजून ओतायला लागले तेव्हा आत्याला राहवलं नाही.

"मेलेल्या मासोळ्याला पानी, अन् जित्या मानसाला न्हाई! वारे तुझं इज्ञान."

"आक्का, हे गेले तर परत मिळणार नाहीत."

"अन् आपन गेल्यावर मिळनार हाये का?"

बाबांनी तरीही केलं, ऊन फार म्हणून जरा कडकच ठेवलं, आणि उरलेलं एका पांढऱ्या बाटलीत भरलं. दुसरं भांडं नव्हतं. घरभर तो वास बसला होता. पहिले काही दिवस डोळ्यांतून पाणी यायचं, मग आम्हाला तो येईनासा झाला. आत्याला तर कधीच आला नाही, तिचं नाक चुलीच्या धुरानं आणि तपकिरीनं केव्हाच गेलेलं. बाबांनी बाटली माळ्यावर ट्रंकेच्या मागे ठेवली आणि मला म्हणाले, "चिठ्ठी लाव." मी लावली. "विष. पिऊ नये." खाली लाल शाईच्या दोन रेघा. अक्षर एवढं सुबक आलं होतं की मी ते चढून जाऊन पुन्हा एकदा बघितलं.

जयंतीला बाबा त्या बरण्या समाजमंदिरात मांडणार होते. वस्तीतल्या माणसांनी समुद्राचा तळ बघावा, अशी त्यांची फार इच्छा. त्यासाठी शुक्रवारी शाळेतून आल्या आल्या मी तयारीला लागले. यादी केली: नऊ बरण्या पुसणे, नावांच्या पट्ट्या, खळ, दोन चादरी, फॉर्मलीनची बाटली. उद्या घाई नको म्हणून सगळं सामान हाताशी ठेवावं असं ठरवलं. ट्रंकेवर चढून बाटली खाली काढली. जमिनीवर ठेवली तर पाय लागेल. कोनाड्यात चार बाटल्या ओळीत होत्या, एक जागा मोकळी; पिण्याची बाटली आई भरायला झिऱ्यावर घेऊन गेली होती. मी ती तिथे ठेवली. डावीकडून दुसरी. चिठ्ठी समोर येईल अशी फिरवली. काही चुकीचं करतेय असं मला वाटलं नाही; लिहिलेलं होतं ना.

बारा-साडेबाराला त्या दोघी आल्या. मी बाहेरच्या खोलीत पट्ट्या लिहीत होते. आत्याच्या अंगावर, पापण्यांवर, ओठांवर दगडाची भुकटी. ओठ फुटलेले. कमल दारातच पायरीवर बसली.

"सुमे, वही काढून ठेव," आत्या म्हणाली. "नऊ नंबरचं नाव सापडलं मला. वाटंनं येता येता सापडलं. इचार कमलीला."

"काय गं?" मी विचारलं.

"आधी घोटभर पानी पिऊ दे. घसा खरवडून राह्यला नुसता."

आत्या भांड्याला तोंड लावून पाणी पीत नसे. लहानपणापासून तिला पाणी वरून ओतलेलं मिळालं होतं, दुसऱ्याच्या हातातून, ओंजळीत, लांबून. स्वतःच्या घरात, स्वतःच्या तांब्यातूनसुद्धा ती मान मागे टाकून वरून धार धरायची. बाबा चिडायचे, "आक्का, आपलं घर आहे. तोंड लावून पी." ती म्हणायची, "घर आपलं हाय, पर मान तीच हाय ना." त्या धारेत चव लागत नाही. चव लागायच्या आधी दोन-तीन घोट खाली गेलेले असतात.

बाटली पडल्याचा आवाज आला नाही. तो का आला नाही, हे मला फार वर्षं कळत नव्हतं. आत जाऊन बघितलं तेव्हा आत्या भिंतीला धरून वाकलेली होती आणि बाटली तिच्या पायाशी नीट, उभी, बूच लावून. तेवढ्यातही तिनं पाणी सांडू दिलं नव्हतं.

पुढचं मी थोडक्यात लिहिते. कमल ओरडली तशी वस्ती गोळा झाली. कोणी म्हणालं मीठ-पाणी पाजा, कोणी म्हणालं ओकू देऊ नका, दूध द्या. दूध कुठे होतं? एका घरची शेळी होती, तिच्या आचळांतून वाटीच्या तळाला लागेल इतकं निघालं. बाबा शाळेतून पळत आले. हायवेवर त्यांनी आडवं उभं राहून मिलोचा ट्रक थांबवला आणि आत्याला पोत्यांवर निजवलं. मीही चढले, मला कोणी उतरवलं नाही. ड्रायव्हर सरदारजी होता. खड्डा आला की मागे वळून "माफ करना बहनजी" म्हणायचा. जालन्याच्या वाटेत आणि पुढेही आत्याला बोलता आलं नाही. ती दोन्ही हात जोडून ओंजळ करायची आणि माझ्यासमोर धरायची. पुन्हा पुन्हा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही असं बाबांचं ठरलं होतं. मी त्या ओंजळीकडे न बघता पोती मोजत बसले. बेचाळीस होती.

ती रविवारी सकाळी गेली. शनिवारी दिवसभर खिडकीतून मिरवणुकीची वाजंत्री ऐकू येत होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पोलिसानं विचारलं, बाटली पाण्याच्या बाटल्यांत आली कशी. बाबा भिंतीकडे बघत उभे होते. मग माझ्याकडे वळले. आवाज अगदी साधा होता, गृहपाठाबद्दल विचारावं तसा.

"सुमन, मी ती वर ठेवली होती ना गं?"

कमल बाजूलाच होती. मी म्हणाले, "माहीत नाही, बाबा."

बाबांनी मान हलवली. पोलिसाला म्हणाले, "मग मीच विसरलो असणार. लिहा, माझ्याकडून."

कमलनं तेव्हापासून बाबांना मामा म्हटलं नाही. वर्षाच्या आत तिचं लग्न झालं. तेही बाबांनीच लावून दिलं, आणि अक्षता टाकायला ते पुढे आले तेव्हा तिनं तोंड फिरवलं. बाबांनी बरण्यांना पुन्हा हात लावला नाही. त्या उन्हाळ्यात त्यातलं पाणी आटत गेलं आणि ते प्राणी तळाशी बसत, सुकत, शेवटी वाळल्या सालींसारखे झाले. जूनमध्ये पेटी शाळेत परत गेली. बाबा पुढे तीस वर्षं जगले. प्रत्येक बाटली, प्रत्येक कुलूप दोनदा बघायचे, मग अंगणातून परत येऊन तिसऱ्यांदा. "मी विसरतो," असं लोकांना आपणहून सांगायचे. ते काहीही विसरत नसत. ते गेले तेव्हा कमल आली होती, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली आणि तिथूनच परत गेली.

मी बाबांना का सांगितलं नाही, याची कारणं मी निरनिराळ्या वेळी निरनिराळी लिहून ठेवली आहेत. बारा वर्षांची होते, हे पहिलं. ते पंधराव्या वर्षी संपलं. पुढची कारणं वाचण्यासारखी नाहीत.

वही माझ्याकडे आहे. आता नातू फोनवर मला समुद्राचा तळ दाखवतो. मैलोगणती खाली सोडलेल्या दिव्याच्या उजेडात दुष्काळ्या तोंड पसरून जातो, वाळूक चिखलात चालतं. नातू इंग्रजी नावं सांगतो, मी आत्याची सांगते, त्याला आत्याचीच आवडतात. वीतभर किडा म्हणे वर्षानुवर्षं न खाता राहू शकतो. नऊ नंबर मी पुष्कळ शोधला. बिनडोळ्यांचे, पांढरे, आरपार असे बरेच आहेत, काहींना शास्त्रज्ञांनीही अजून नाव दिलेलं नाही. आमच्या बरणीतला त्यांतला कोणता, हे कळायला आता मार्ग नाही. त्याचं खरं नाव मला नकोही आहे. वाटेनं येता येता सापडलेलं जे होतं ते हवं आहे, आणि ते एका माणसाला माहीत आहे.

कमलताई नवीन जालन्यात राहते, स्टेशनच्या अलीकडे, मुलाकडे. गुडघे गेलेत, कान चांगले आहेत. सणाला आम्ही फोनवर बोलतो: तब्येत, नातवंडं, पाऊस. मागच्या दिवाळीत मी म्हणाले, "ताई, त्या बरण्या आठवतात का गं?" ती म्हणाली, "तुझ्या बापाच्या? न्हाई आठवत मला." मी विषय बदलला. नाव विचारायचं तर आधी दुसरं सांगावं लागेल. ते न सांगता नाव घेतलं, तर मी तिच्याकडून आणखी एक वस्तू उचलून भलत्या जागी ठेवल्यासारखं होईल.

आजच्या यादीत पाच कामं होती. गॅसचा नंबर लावणे, बँकेत हयातीचा दाखला, रक्तदाबाच्या गोळ्या, नातवाच्या शाळेत सही, कमलताई. चार दुपारपर्यंत झाली. पाचवं मी उद्याच्या पानावर पहिलं लिहिलं आहे.